समुपदेशनाच्या नोंदी संगणकावर ठेवताना

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. किती विद्यार्थ्यांना पुढील मदतीसाठी पाठविले, कोणते उपक्रम झाले, याच्या निनावी नोंदी ठेवून वार्षिक अहवाल देण्यासही सांगितले. त्यामुळे बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातील शाळांपुढेही समुपदेशकाच्या वहीऐवजी काय वापरावे, हा प्रश्न येतो.

पहिला विचार साहजिकच एक्सेलचा होतो. मात्र एकच विद्यार्थिनी वर्षात सहा वेळा आली, तर सहा ओळी होतात, नावाचे लेखन दर वेळी बदलते आणि वर्षअखेरीस एकीच्या दोघी मोजल्या जातात. शिवाय एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ ही सोय फेरफार रोखण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नव्हे. डेटाबेसमध्ये विद्यार्थ्याची माहिती एका तक्त्यात एकदाच नोंदवून त्याला क्रमांक देता येतो. भेटीची तारीख, कारणाचा प्रकार व पाठपुरावा त्या क्रमांकाखाली दुसऱ्या तक्त्यात जातात. अहवाल या दुसऱ्या तक्त्यावरून निघतो. नावांचा तक्ता उघडावाच लागत नाही.

नाव वगळले म्हणजे ओळख पुसली, असे मात्र नव्हे. ‘नववीतील मुलगी, वडील वीज केंद्रात’ एवढ्यावरून मुंबईत काही कळणार नाही. पारसचे औष्णिक वीज केंद्र बाळापूर तालुक्यातच आहे. येथील शाळेत शिपायालाही ती कोण, हे उमगेल. म्हणून एक-दोनच नोंदी असलेले गट अहवालात एकत्र करावेत. कोणतेही सॉफ्टवेअर हे आपणहून करीत नाही.

समुपदेशक एकच आणि संगणकही एकच असेल, तर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस पुरेसे आहे. त्याच्या फाइलची कमाल मर्यादा दोन गिगाबाइट असून शाळेच्या नोंदी त्याच्या जवळपासही जात नाहीत. पासवर्ड लावल्यास संपूर्ण फाइल कूटबद्ध होते. उणीव एवढीच, की २००७ पासूनच्या फाइल-प्रकारात व्यक्तिनिहाय अधिकार देण्याची सोय उरलेली नाही. पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला सर्व काही दिसते. खर्च नको असल्यास लिबरऑफिस बेस विनामूल्य आहे; ते वापरताना संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करणे श्रेयस्कर. एकाच संस्थेच्या अनेक शाळा असतील, तेथे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावे. लिपिकाला केवळ भेटीची वेळ दिसावी आणि टिपणे समुपदेशकालाच, अशी विभागणी त्यात करता येते. अर्थात, त्यासाठी जाणकार माणूस हाताशी हवा.

मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळा एकत्र काम करणार असतील, तर सर्व मजकूर युनिकोडमध्येच भरावा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील नावे फाँट बदलताच निरर्थक अक्षरे होतात आणि शोधूनही सापडत नाहीत.

राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘सरल’सारख्या शालेय माहितीच्या प्रणालीशी या नोंदी जोडू नयेत. मात्र लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही. त्यासाठी एकाच विद्यार्थ्याची संपूर्ण नोंद, इतरांची एकही ओळ न येता, वेगळी काढता येते का, हे खरेदीपूर्वी काल्पनिक नावे भरून तपासून घ्यावे. नोंदींची दुसरी प्रतही कूटबद्ध असावी आणि ती त्याच संगणकात ठेवू नये.