जुनी जीप की नवी थार?

कळमेश्वरला काळ्या मातीत पहिला पाऊस पडला, की आमच्याकडे हा वाद निघतोच. काका जुन्या जीपचे भक्त. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. काकांची एमएम ५४० त्याच घराण्यातली. प्यूजोचं डिझेल इंजिन, सगळं मेकॅनिकल. लाईनमध्ये एअर धरली तर पाना घेऊन बांधावरच सुरू!

२०२० साली आलेल्या थारचं इंजिन सेन्सरच्या भरवशावर. तो गेला की टोचन करून नागपूर. (फोर-लोचा दांडा मात्र तिच्यातही हातानेच टाकायचा.)

पण भाऊ, दुरुस्त होते म्हणजे भरवशाची नव्हे. वरचेवर बिघडायची म्हणून तर काका दुरुस्ती शिकले! रात्री आजीला दवाखान्यात न्यायचं झालं, तर मी एअरबॅग-एबीएसवालीच काढीन. काकांना अजून सांगितलेलं नाही.