पॉइंटपासून कोडपर्यंत : वऱ्हाडातील मोटार दुरुस्ती

अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत इंजिन बिघडले की दोष तीन ठिकाणी शोधला जाई : पेट्रोल, ठिणगी आणि दाब. रस्त्यावर ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली ७९६ सीसीची मारुती ८०० होती, आणि त्यांच्या इंजिनांत डोळ्यांना न दिसणारे फारसे काही नव्हते. प्लग काढून रंग पाहायचा : काजळी धरलेली असेल तर मिश्रण जाड, पांढराफटक असेल तर पातळ, तपकिरी असेल तर ठीक. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांतले अंतर लावायचे, कंडेन्सर बदलून पाहायचा, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करायचा. एकेक शंका निकालात काढण्याची ही रीत मिस्त्रीच्या हाताखाली राहूनच अंगवळणी पडे.

वऱ्हाडात तिची खरी परीक्षा उन्हाळ्यात होई. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंजिनाला खेटून बसवलेल्या पंपात आणि नळीत अशा वेळी पेट्रोलची वाफ होई. पंपाला वाफ ओढता येत नसल्याने गाडी भर उन्हात, मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी उभी राही. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबले की तीच गाडी निमूट चालू होई. ‘गरम झाली की बंद, गार झाली की चालू’ ही तक्रार सेन्सरच्या काळातही टिकली. कारण मात्र बदलले.

बदलाला निमित्त झाले ते प्रदूषणाचे. विषारी वायू कमी करायचे तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा, आणि तो नीट चालायचा तर मिश्रणावर सतत नजर ठेवणारा ऑक्सिजन सेन्सर हवा. बॉशचा असा सेन्सर १९७६ मध्येच व्होल्वोच्या मोटारींत बसला होता. पण पेट्रोलमधले शिसे हे दोन्ही भाग निकामी करते. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल देशभर आले आणि ती अडचण संपली. त्याच वर्षी एप्रिलपासून ‘इंडिया २०००’ निकष लागू झाले, आणि कार्बोरेटरची जागा एमपीएफआय ही पेट्रोल फवारणारी यंत्रणा घेऊ लागली.

त्यापुढचे बीएस-२ (भारत स्टेज) निकष देशभर २००५ मध्ये आले. बीएस-४ मात्र २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह १३ शहरांपुरते होते. वऱ्हाडाची पाळी एप्रिल २०१७ मध्ये आली. स्वतःचा दोष स्वतः नोंदवणाऱ्या ओबीडी यंत्रणेची सक्ती बीएस-४ सोबतची. त्यामुळे एमएच-२७ आणि एमएच-३० पाट्यांच्या जुन्या गाड्यांमध्ये सेन्सर आधी आले, धड निदान मागाहून. सुझुकीच्या सुरुवातीच्या पद्धतीत कप्लरमधल्या ठरावीक पिना तारेने जोडल्या की ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुके. एकदा, मग विराम घेऊन दोनदा, म्हणजे १२, म्हणजे दोष नाही. पुढे स्कॅनर आले आणि लुकलुक मोजण्याचे काम सुटले.

स्कॅनरने एक गैरसमजही आणला. पी०३३५ हा कोड ‘क्रँक सेन्सर बदला’ असे सांगत नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, अपेक्षित संकेत मिळाला नाही, एवढेच सांगतो. दोष सेन्सरमध्ये असेल, तारेत, कप्लरमध्ये, अर्थमध्ये किंवा दात्यांच्या चकतीत. तरी कोड काढायचा, त्या नावाचा सेन्सर टाकायचा आणि कोड पुसायचा, हा सोपा मार्ग रूढ झाला. ओबीडी-२ मध्ये बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. म्हणून कोड पुसलेली गाडी दोष तसाच असूनही बिनदिव्याची घरी जाते, आणि काही दिवसांनी परत येते.

उन्हाळी बिघाड तर स्कॅनरलाही चकवतो. जुन्या धाटणीच्या क्रँक सेन्सरमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो; ८० अंशांनी तापल्यावर तो साधारण एक तृतीयांशाने वाढणे स्वाभाविकच. पण तार आत पिचलेली असेल तर तापल्यावर टोके फाकतात आणि इंजिन बंद पडते. गार झाल्यावर ती पुन्हा टेकतात. सकाळी गार गाडीला मल्टिमीटर लावला तर आकडा निर्दोष येतो. म्हणून मोजणी गाडी बंद पडताक्षणी करावी लागते, किंवा सेन्सर हेअर ड्रायरने मुद्दाम तापवून. त्यानंतर कप्लर हलवून, वायरिंग वाकवून आकडा उडतो का ते पाहायचे, आणि इंजिन चालू असताना इंजिन व बॅटरीच्या ऋण टोकामधला व्होल्टेज मोजायचा, तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. पावसाळ्यात कप्लरच्या पिनांवर चढणारा हिरवा कीट आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा याच तपासणीत सापडतात. दोष नोंदला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान आणि फेरे ईसीयूमध्ये जपलेले असतात. कोडपेक्षा ही नोंद अनेकदा जास्त कामाची, पण ती फार थोडे जण वाचतात.

सरकारी तपासणीचा ‘चेक इंजिन’ दिव्याशी संबंध नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या धुराड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, ईसीयूची नोंद वाचत नाहीत. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले. बीएस-२ च्या काळातल्या गाड्या आता त्याच टप्प्यात आहेत. त्यांचे सेन्सर बाजारात मिळतात. जुने वायरिंग मिळणे कठीण, म्हणून भंगारातल्या गाडीचा कप्लर वीतभर तारेसकट कापून आणून डाग देऊन जोडला जातो.