धसईचा रस्ता आणि गाडीची उंची

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर मुरबाड लागतें. त्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या अंगाला, धसई हें आसपासच्या वाड्यापाड्यांच्या बाजाराचें गांव आहे. १ डिसेंबर २०१६ रोजीं रोख पैशावांचून व्यवहार करणारें महाराष्ट्रांतील पहिलें गांव म्हणून तें जाहीर झालें, तेव्हां त्याचें नांव वृत्तपत्रांतून सर्वत्र पोंचलें. व्यवहाराची रीत अशी एका दिवसांत जाहीर करतां येते. रस्त्याचें मात्र तसें नाहीं. पावसाळा आला कीं डोंगरावरून उतरणारें पाणी डांबराखालची खडी उचलून नेतें, आणि गाडीवानाला वर्षानुवर्षें जो प्रश्न पडत आला तोच मोटारवाल्यालाहि पडतो: गाडी जमिनीपासून किती उंच असावी?

हा प्रश्न आज विशेष अगत्याचा झाला आहे. नवी मोटार घेऊन ती ठेंगणी करावी, कारखान्यानें बसविलेल्या स्प्रिंगा काढून बाजारांत मिळणाऱ्या आंखूड व ताठ स्प्रिंगा घालाव्या, जोडीला निराळे शॉक-ॲब्सॉर्बर बसवावे, अशी हौस शहरांतील तरुणांत दिसते. तिला नुसतें वेड म्हणून हिणविणें सोपें आहे. परंतु वाहन जमिनीकडे आणण्याची धडपड ही आजकालची नव्हे, आणि तिचा इतिहास पाहिल्यावांचून तिच्यांतील शहाणपण व धोका वेगळे करतां येत नाहींत.

या भागांतील दळणवळण फार जुनें आहे. मुरबाडच्या पूर्वेस नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख असून तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील मानला जातो. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजहि दाखवितात. पण या दगडी पायऱ्यांच्या वाटेनें चाक कधीं गेलें नाहीं. माल गेला तो बैलांच्या, गाढवांच्या व माणसांच्या पाठीवरून. ओझें वाहणाऱ्या जनावराला कमान लागत नाहीं. त्याचे गुडघे व खांदे हीच त्याची कमान होय. चाकाला गुडघा नाहीं, आणि वाहनाच्या सर्व अडचणींचें मूळ तेथेंच आहे.

बैलगाडीनें या अडचणीवर जो उपाय काढला तो उंचीचा होता. देशावरील गाडीचें मोठें चाक माणसाच्या छातीपर्यंत येई. मोठें चाक लहान खड्ड्यांत बुडत नाहीं, दगडावर चढतांना त्याला कमी जोर लागतो, आणि आंस उंच राहिल्यामुळें चाकोरीमधला उंचवटा तिला घासत नाहीं. लोखंडी धाव, लांकडी आरे, तुंबा व आंस यांत कोठेंहि लवचीकपणा नसे. जो धक्का बसे तो साटीला, धान्याच्या पोत्यांना आणि गाडीवानाच्या पाठीला बसे. पोतें तक्रार करीत नसे, म्हणून ही व्यवस्था शतकानुशतकें चालली.

माणसें वाहणाऱ्या वाहनांत कमान आली तेव्हां चित्र पालटलें. कमानीचें शास्त्र इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलें: जितका भार दुप्पट, तितकें दबणें दुप्पट. पुढें १८०४ सालीं लंडनच्या ओबादाया इलियट या कारागिरानें लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांच्या कमानीचा हक्क नोंदविला. त्यापूर्वीं बग्गीचा सांगाडा जड तुळईवर चामड्याच्या पट्ट्यांनीं टांगीत असत. पाट्यांच्या कमानीमुळें ती तुळई नाहींशी झाली, गाडी हलकी झाली आणि खालींहि आली. मुंबई इलाख्यांत १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला. बांधलेला रस्ता आणि कमानीची गाडी हीं अशीं हातांत हात घालूनच पुढें आलीं. १८५४ सालीं आगगाडी कल्याणपर्यंत पोंचली आणि १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस गेली. शहापुरास रुळांचा शेजार लाभला. मुरबाडच्या वांट्याला मात्र रूळ आले नाहींत, रस्ताच राहिला.

मोटारीचा आरंभ झाला तो बग्गीच्याच उंचीवर. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली. तिच्या पोटाखालीं सुमारें १० इंच जागा होती, कारण अमेरिकेंतील शेतकऱ्याचा रस्ता धसईच्या जुन्या रस्त्याहून कांहीं निराळा नव्हता. उलट १९०७ सालीं तेथीलच एका कारखान्यानें सांगाडा आंसाच्या खालून टांगलेली ‘अंडरस्लंग’ मोटार काढली. गाडी ठेंगणी करण्याचा तो प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग होय. आणि पोट रस्त्याला लागूं नये म्हणून तिला प्रचंड मोठीं चाकें घालावीं लागलीं, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

खरा पालट १९२२ सालीं झाला. इटलींतील लान्सिया कारखान्याच्या ‘लाम्बडा’ मोटारींत निराळा सांगाडाच ठेवला नाहीं. गाडीचें अंग हाच सांगाडा केला, आणि पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून स्वतंत्र ठेवलीं. १९३४ सालीं फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यानें पुढच्या चाकांना गति देणारी मोटार काढून मागें जाणारा फिरता दांडाच काढून टाकला, आणि गाडीचा तळ आणखी खालीं आला. या कारागिरांनीं गाडी ठेंगणी केली ती स्प्रिंग आंखूड करून नव्हे, तर मधली अडगळ काढून. चाकाला वरखालीं होण्यास लागणारी जागा त्यांनीं हिरावून घेतली नाहीं.

आतां शॉक-ॲब्सॉर्बरकडे वळलें पाहिजे. स्प्रिंग धक्का गिळते, पण पचवीत नाहीं; दबलेली स्प्रिंग सगळी शक्ति परत करते आणि गाडी झोके खात राहते. ती शक्ति उष्णतेच्या रूपानें घालविणें हें शॉक-ॲब्सॉर्बरचें काम. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सच्या त्रुफो यानें घासणाऱ्या चकत्यांचें साधन केलें. त्यानंतर लहान छिद्रांतून तेल दाबून नेणारीं साधनें आलीं; १९२८ च्या फोर्ड ‘मॉडेल ए’ गाडीला चारी चाकांवर तीं कारखान्यांतूनच बसवून मिळत. १९३० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्समध्यें मॉरिस ऑली यांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, मागच्या स्प्रिंगांचा झोका पुढच्यांपेक्षां किंचित् जलद असावा; कारण मागचें चाक उंचवट्यावर उशिरां चढतें, आणि त्याचा झोका जलद असला तरच तो पुढच्याला गांठतो व गाडी डोलत राहत नाहीं. चारी स्प्रिंगा सारख्याच ताठ करणाऱ्यास हें ज्ञान नसतें.

महाराष्ट्रांतहि ही विद्या रुजली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेल्या फियाट, आणि पुढें प्रीमियर पद्मिनी, या मोटारींना पुढें स्वतंत्र चाकें व गुंडाळीच्या स्प्रिंगा, तर मागें अखंड आंस व कमानीचे पाटे असत. पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. शॉक-ॲब्सॉर्बर करणारी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालीं मुंबईंत उभी राहिली. १९४८ च्या १ जूनला पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. निघाली, आणि पाट्यांच्या कमानींवर चालणाऱ्या त्या मोटारींनीं पुढें खेडींपाडीं जोडलीं. पाटा तुटला कीं गाडी वाटेंतच बसली, हें ज्या प्रवाशांनीं अनुभविलें त्यांना कमानीचें मोल निराळें सांगावें लागत नसे.

हा इतिहास लक्षांत घेऊन आजच्या हौशी मोटारवाल्याचा हिशेब तपासून पाहूं. गाडी ठेंगणी केल्यानें लाभ होतो काय? होतो. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांकडे ढकलला जातो तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणांत. हा मध्य ६० सेंटिमीटरवर असून गाडी ३ सेंटिमीटर खालीं आणली, तर हें ढकललें जाणें विसाव्या हिश्श्यानें कमी होतें. लाभ खरा आहे, पण विसावा हिस्साच आहे.

आतां किंमत पाहूं. उभ्या गाडींत चाकाला वर उचलण्यास ८ सेंटिमीटर जागा आहे असें समजा. गाडी ३ सेंटिमीटर खालीं आणली कीं ५ उरली. स्प्रिंगनें गिळलेली शक्ति दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून पूर्वींचाच धक्का ५ सेंटिमीटरांत गिळावयाचा तर स्प्रिंग अडीचपटींहून अधिक ताठ हवी. इतकी ताठ स्प्रिंग घातली तर गाडी बैलगाडीसारखी आदळेल. न घातली तर खड्ड्यांत चाक रबरी ठोकळ्यावर आपटेल, आणि त्या क्षणीं टायरची पकड सुटेल. बाजारांतील बहुतेक स्प्रिंगा या दोहोंमधली तडजोड असतात, आणि ती तडजोड किती खोल खड्ड्यासाठीं केली आहे हें विकत घेणाऱ्यानेंच विचारावयाचें असतें.

दुसरा हिशेब जोडीचा. स्प्रिंग ४० टक्के ताठ केली तर तिचे झोके तितकेच लवकर शमविण्यासाठीं शॉक-ॲब्सॉर्बर सुमारें १८ टक्के अधिक जोराचा लागतो. जुनाच ठेवला तर नवी स्प्रिंग त्याला जुमानीत नाहीं, आणि वळणावर खड्डा लागला कीं गाडी उड्या मारते. शिवाय ठेंगण्या गाडींत जुन्या शॉक-ॲब्सॉर्बरचा दट्ट्या नेहमींच आंत दबलेला राहून तळाशीं लवकर आपटतो. आजच्या पुष्कळशा मोटारींत पुढच्या चाकाची स्प्रिंग व शॉक-ॲब्सॉर्बर एकाच खांबांत बसविलेलीं असतात. अर्ल मॅकफर्सन यांच्या नांवानें ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या सुमारास रूढ झाली. अशा खांबांत एकाची निवड दुसऱ्यावांचून करणें म्हणजे बैल न पाहतां जूं घेणें होय. म्हणून एकाच कारखान्यानें एकमेकांसाठीं केलेली, त्याच गाडीच्या वजनाला जुळणारी जोडी घ्यावी. आणि बसविल्यावर चाकांचे कोन पुन्हां तपासून घ्यावे, नाहीं तर टायरची एक कड लवकर झिजते. दिव्यांचा झोतहि त्याच वेळीं सरळ करावा.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापणें किंवा ज्योतीनें तापवून बसविणें. तापविल्यानें पोलादाचें पाणी उतरतें. कापलेली स्प्रिंग चाक खड्ड्यांत लोंबलें कीं आपल्या बैठकींतून सुटूं शकते. मागच्या कमानीचा एखादा पाटा काढून टाकणें हाहि त्यांतलाच प्रकार. त्यानें गाडी खालीं येते ती कमजोर होऊन.

यांत कायद्याचाहि प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, उत्पादकानें मुळांत नमूद केलेल्या व नोंदणीपत्रांत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें ही मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगितली. तेव्हां पैसे मोजण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें हें निवडीचेंच पहिलें पाऊल आहे.

राहतां राहिला रस्ता. नियमाप्रमाणें बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो. तो इतका पसरट असल्यामुळें अडीच मीटरांच्या आंतबाहेर अंतर असलेल्या चाकांमध्यें त्याचा फुगवटा सुमारें साडेचार सेंटिमीटरच येतो. परंतु गांवोगांव हातानें घातलेले अरुंद गतिरोधक पूर्ण १० सेंटिमीटर पोटांत घुसतात. रिकाम्या मोटारीखालीं १७ सेंटिमीटर जागा असून पांच माणसें व सामान यांनीं ती ५ सेंटिमीटर दबली, तर १२ उरतात आणि गाडी निभावते. तीच गाडी ४ सेंटिमीटर ठेंगणी करून ४० टक्के ताठ स्प्रिंगा घातल्या, तर भारानें ती साडेतीनच सेंटिमीटर दबेल. पण उरलेली जागा साडेनऊच्या आंत येईल. तेलाच्या टाकीचा तळ दगडाला लागावयास एवढा फरक पुरतो. आणि पावसाच्या रात्रीं, सबंध कुटुंब गाडींत असतां, तें तेल रस्त्यावर वाहून गेलें तर मोल स्प्रिंगेच्या किमतींत मोजतां येत नाहीं.

लान्सिया व सित्रोएन यांच्या ठेंगण्या मोटारी युरोपांतील बांधीव रस्त्यांवर धांवल्या. शेतवाटेवर धांवणाऱ्या फोर्डनें आपली उंची वीस वर्षें सोडली नाहीं. दोघांचेंहि बरोबर होतें, कारण दोघांनींहि आधीं रस्ता मोजला व मग स्प्रिंग निवडली. ज्याची मोटार द्रुतगति मार्गावरच फिरणार त्यानें दोन बोटें खालीं यावें. ज्याला सुटींत कुटुंब घेऊन मुरबाडवरून धसईकडे वळावयाचें आहे, त्यानें उंची आहे तीच ठेवून झिजलेले शॉक-ॲब्सॉर्बर तेवढे चांगल्या प्रतीचे बसवावे. वळणावरची स्थिरता त्यानेंहि पुष्कळ सुधारते, आणि पावसाळ्यांतील खड्डा आला तर चाकाला वर जाण्यास जागा शिल्लक राहते.