झाडू, केरसुणी, खराटा की साळुता? घरातल्या एका वस्तूला एवढी नावं कुठून आली?

दिवाळीच्या दिवसांत बाजारात एक फेरी मारा. लाह्या, बत्तासे, पणत्या, झेंडूची फुलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडलेल्या नव्याकोऱ्या केरसुण्या दिसतील. महाराष्ट्रात अनेक घरांत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी तिला चक्क ‘लक्ष्मी’ म्हणतात.

आता दुसरं चित्र पाहा. अभ्यास न करणाऱ्या मुलाला घरातलं कुणीतरी रागावून म्हणतं, “असाच राहिलास तर मोठेपणी झाडू मारावा लागेल!”

वस्तू तीच. एका दिवशी ती देवघरात असते आणि एरवी तिचं नाव घेऊन मुलांना भीती घातली जाते. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी या वस्तूच्या नावांकडे बघायला हवं.

गाव बदललं की नाव बदलतं

शहरात आता ‘झाडू’ हा शब्द सगळीकडे चालतो. पण गावाकडे गेलात तर वेगवेगळी नावं ऐकू येतात. कोल्हापूर-सांगलीकडे ‘साळुता’ म्हणतात, मराठवाड्यात ‘शिराई’ किंवा ‘फडा’, तळकोकणात ‘वाढवण’, तर गोव्याच्या कोकणीत ‘सारण’.

यातली सगळी नावं एकाच वस्तूची नाहीत बरं का! घरात वापरायची केरसुणी मऊ असते. ती बहुतेक वेळा शिंदीच्या पानांपासून बनवतात. अंगणात, गोठ्यात किंवा खळ्यावर वापरायचा तो खराटा. तो कडक काड्यांचा असतो. कोकणात नारळाच्या झावळीचे हीर काढून तो बांधतात, तर तूर पिकणाऱ्या भागात तुराट्यांचा बनवतात. शहरातल्या दुकानांत मिळणारा मऊ, तुरेदार फुलझाडू वेगळ्याच गवताचा असतो. हे गवत मेघालय आणि आसपासच्या डोंगराळ भागात मोठ्या प्रमाणावर होतं.

थोडक्यात, ज्या भागात जे झाड, त्या भागात त्याचा झाडू. एक गंमतही लक्षात घ्या. मराठीत लहान, नाजूक वस्तू पुष्कळदा स्त्रीलिंगी असते आणि मोठी, राकट वस्तू पुल्लिंगी. गाडी-गाडा, पळी-पळा तसंच हे: घरातली ती केरसुणी आणि अंगणातला तो खराटा.

‘झाडू’ झाडापासून आला का?

झाडू झाडाच्या पानांचा किंवा काड्यांचा असतो, म्हणून तो शब्द ‘झाड’वरून आला असेल, असं अनेकांना वाटतं. पण ‘झाडू’ आला आहे तो ‘झाडणे’ या क्रियापदावरून. जो झाडतो तो झाडू.

मग ‘झाडणे’ म्हणजे काय? नुसतं केर काढणं नव्हे. झटका देऊन एखादी गोष्ट दुसरीपासून वेगळी करणं, हा त्याचा मूळ भाव. म्हणून आपण सतरंजी झाडतो, अंगावरची धूळ झाडतो आणि जबाबदारी नको असेल तर हात झाडून मोकळे होतो. बंदुकीतून गोळी झाडली जाते आणि न्यायालय एखाद्या खात्यावर ताशेरे झाडतं, तेही याच अर्थानं. पुढाऱ्याच्या भाषणाचा कंटाळा आला की आपण म्हणतो, “त्यांनी तासभर भाषण झाडलं.”

सगळ्यात सुंदर वापर मात्र वेगळाच आहे. “लग्नाला झाडून सगळे आले होते.” इथे झाडून म्हणजे एकही न वगळता. चांगला केर काढणारा माणूस कोपऱ्यातला कणही सोडत नाही, तसे सगळे आले. एखाद्याची ‘झाडाझडती’ घेतात, तेव्हाही काहीच सुटू द्यायचं नसतं.

केरसुणी, कुंचा आणि मांजर

‘केरसुणी’ या शब्दातला ‘केर’ तर उघडच दिसतो. तोच केर ‘केरकचरा’त आहे आणि ‘मुसळ केरात’ या वाक्प्रचारातही आहे. एवढे कष्ट केले आणि मुख्य गोष्टच वाया गेली, की आपण म्हणतो, मुसळ केरात गेलं.

भिंतीला चुना किंवा रंग लावायचा ‘कुंचा’ तुम्ही पाहिला असेल. जुन्या मराठीत झाडायच्या जुडीलाही कुंचा म्हणत. हा शब्द संस्कृतमधल्या ‘कूर्च’वरून आला. कूर्च म्हणजे गवताची किंवा केसांची जुडी. त्याच घरातला धाकटा शब्द म्हणजे चित्रकाराचा ‘कुंचला’. म्हणजे ज्याच्या हातात कुंचला असतो त्याला आपण कलावंत म्हणतो आणि ज्याच्या हातात कुंचा असतो त्याला कामगार. शब्द मात्र सख्खे आहेत.

संस्कृतमध्ये झाडूला ‘मार्जनी’ किंवा ‘संमार्जनी’ म्हणतात. ‘मृज्’ म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं, या धातूपासून हे शब्द बनले. सणाच्या दिवशी आपण ‘सडासंमार्जन’ करतो, चुकीचं ‘परिमार्जन’ करतो, ते याच धातूचे. आणि सतत अंग चाटून स्वच्छ करणारा तो ‘मार्जार’, म्हणजे आपलं मांजर! या परंपरागत व्युत्पत्तीनं पाहिलं तर मांजर आणि झाडू हे चुलत भाऊ ठरतात.

इंग्रजीत उलटा प्रवास

इंग्रजीतल्या ‘ब्रूम’ची गोष्ट मराठीच्या अगदी उलट आहे. ब्रूम हे आधी एका झुडपाचं नाव होतं. पिवळी फुलं येणारं हे झुडूप युरोपात माळरानावर वाढतं. त्याच्या बारीक, लवचिक फांद्यांची जुडी बांधून लोक घर झाडू लागले आणि हळूहळू झुडपाचं नाव झाडूलाच चिकटलं. त्याआधी झाडूसाठी ‘बीझम’ हा शब्द होता. तो अजूनही काड्यांच्या खराट्यासाठी वापरला जातो.

याच झुडपाचं लॅटिन नाव ‘प्लांटा जेनिस्टा’. फ्रान्समधल्या आंजू प्रांताचा सरदार जेफ्री आपल्या टोपीत या फुलांची डहाळी खोवत असे, असं सांगतात. त्यावरून त्याच्या घराण्याला ‘प्लँटॅजनेट’ हे नाव पडलं. जेफ्रीचा मुलगा दुसरा हेन्री ११५४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला आणि या घराण्यानं १४८५ पर्यंत राज्य केलं. झाडूच्या झुडपाचं नाव राजघराण्यानं अभिमानानं मिरवलं!

इंग्रजीनं झाडूला नाव दिलं ते झाडपाल्यावरून आणि मराठीनं दिलं ते कामावरून. तरीही काम करणाऱ्याच्या वाट्याला काय आलं?

घरात लक्ष्मी, रस्त्यावर अपमान

घर स्वच्छ तर लक्ष्मी नांदते, ही समजूत जुनी. त्यामुळे केरसुणीला पाय लावू नये, चुकून लागला तर नमस्कार करावा, दिवेलागणीला केर काढू नये, असे अनेक संकेत तयार झाले. दिवेलागणीच्या नियमामागे साधं कारण असू शकतं. वीज नव्हती त्या काळात अंधारात केर काढला, तर पडलेला दागिना किंवा नाणंही केराबरोबर बाहेर जायचं. देवी शीतलेच्या मूर्तीतही तिच्या हातात झाडू दाखवतात. जैन साधू सोबत ‘रजोहरण’ किंवा मोरपिसांची ‘पिच्छी’ ठेवतात. बसण्यापूर्वी जागा हळुवार झाडून घ्यायची, म्हणजे बारीक जीव चिरडले जात नाहीत.

पण महाराष्ट्राच्या इतिहासात झाडूचं एक काळं पानही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतल्या पुण्याची प्रथा नोंदवली आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला कमरेला झाडू बांधून चालावं लागे. त्याच्या पावलांनी मातीवर उमटलेली खूण मागच्या मागे पुसली जावी, म्हणून! रजोहरणानं झाडायचं ते जीव वाचावा म्हणून आणि इथे झाडू बांधला तो माणसाची खूणही राहू नये म्हणून.

विसंगती इथेच संपत नाही. शिंदीची पानं आणून, वाळवून, विणून केरसुणी बनवण्याचं काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्यानं मातंग समाजानं केलं. त्यांच्या हातची ‘लक्ष्मी’ घराघरात पुजली गेली. मात्र ती बनवणाऱ्या हातांना त्याच घरांच्या उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं.

खराटा हातात घेतलेला माणूस

या सगळ्याला उत्तर दिलं ते विदर्भातल्या एका माणसानं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातला. अंगावर चिंध्या, सोबत मातीचं गाडगं आणि हातात खराटा. गावात पोचले की आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातला केर काढायचा. जातिभेद, कर्ज काढून केलेले सण, देवापुढचे पशुबळी, दारू या सगळ्यावर त्यांचे शब्द खराट्यासारखेच चालत.

त्यांनी झाडूची पूजा सांगितली नाही. तो हातात घेतला. १९५६ मध्ये त्यांचं निधन झालं. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला त्यांचंच नाव दिलं. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. ज्या वस्तूचा धाक मुलांना अभ्यासाला बसवण्यासाठी घातला जातो, ती हातात घेणाऱ्या माणसाच्या नावानं आज विद्यापीठ आहे!

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

‘झाडू’ या शब्दात कमीपणाचं काहीच नाही. तो फक्त काम सांगतो. कमीपणा आपण त्याला चिकटवला, आणि तोही वस्तूला नाही, माणसाला. म्हणूनच ‘झाडूवाला’ऐवजी ‘सफाई कामगार’ किंवा ‘स्वच्छता कर्मचारी’ हे शब्द आले. शब्द बदलणं चांगलंच आहे. त्यासोबत हातमोजे, वेळेवर पगार आणि रोज सकाळी दिसणाऱ्या त्या माणसाशी नावानं बोलणं, हेही आलं तर जास्त चांगलं.

यंदा लक्ष्मीपूजनाला केरसुणी विकत घ्याल, तेव्हा घासाघीस करण्याआधी ती कुणी विणली, एवढं विचारून बघा. आणि हो, तुमच्या आजीच्या गावाला तिला काय म्हणतात, तेही आजीला नक्की विचारा. कदाचित या लेखात नसलेलं एखादं नाव हाती लागेल.