सत्तावीस टक्के आपले होते, पण वहीत किती?

साताऱ्यात तयार होणारी ‘प्रिया’ स्कूटर जुन्या मंडळींना आठवत असेल. ती बनवणारी महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली. तिच्यात २७ टक्के भाग राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा, २४ टक्के बजाज ऑटोचा आणि उरलेला इतर भागधारकांचा. महामंडळ पश्चिम महाराष्ट्राचं असलं तरी पैसा राज्याचा. म्हणजे आमच्या राणीसावरगावच्या माणसाचाही त्यात वाटा होताच की.

२००३ मध्ये महामंडळानं आपला हिस्सा बजाजला देऊ केला. भावावर एकमत झालं नाही, प्रकरण लवादाकडे गेलं. २००६ मध्ये लवादानं शेअरला १५१ रुपये ६३ पैसे असा भाव ठरवला. २०१० मध्ये मुंबई हायकोर्टानं तो निवाडा रद्द केला, २०१५ मध्ये खंडपीठानं पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात तो कायम झाला. सुमारे ३० लाख ८५ हजार शेअर साधारण ४७ कोटींना गेले. तोवर बाजारात त्याच शेअरचा भाव दोन हजारांच्या वर पोचला होता.

कोर्टाचं चुकलं, असं मला म्हणायचं नाही. सौदा २००३ चा, कज्जा सोळा वर्षांचा. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. इतकी वर्षं या हिश्श्याची किंमत सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळत होती?

हिशेब लिहायच्या दोन रीती आहेत. पहिली, जितक्याला घेतलं तितकाच आकडा वर्षानुवर्षं ठेवायचा आणि लाभांश आला की तेवढंच उत्पन्न धरायचं. दुसरी म्हणजे इक्विटी पद्धत. समजा, १० लाखांना एका कंपनीचा २५ टक्के भाग घेतला. तिला ४ लाख नफा झाला, तर आपल्या वाट्याचा १ लाख गुंतवणुकीत मिळवायचा. लाभांशाचे २० हजार हातात आले की तेवढे वजा करायचे. वहीत उरले १० लाख ८० हजार. तोटा झाला, तर त्यातला आपला वाटाही वजा होतो.

बटईनं रान दिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सोयाबीन खळ्यावर पडलेलं असतं, गंगाखेडच्या मोंढ्यात गेलेलं नसतं, हातात छदाम नसतो. तरी निम्मा ढीग आपला, हे दोघांनाही ठाऊक असतं.

ब्रिटन आणि अमेरिकेत ही पद्धत १९७१ साली नियमात आली. आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेनं २००१ मध्ये तेविसावं मानक काढलं. साधारण २० टक्के किंवा जास्त मताधिकार असेल, तर ती सहयोगी कंपनी धरायची. पण गोम अशी की हे फक्त एकत्रित ताळेबंदात. कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात मूळ किंमत चालते. बजाज होल्डिंग्ज आज बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हमधला आपला तीस टक्क्यांहून मोठा हिस्सा असाच दाखवते. म्हणून तिचा एकत्रित नफा स्वतःच्या नफ्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

ही पद्धत काही जादू नाही. ती बाजारभाव सांगत नाही, रोख रक्कम तर नाहीच नाही. पण आत काय साठतंय, हे ती दरवर्षी बोलते. मूळ किंमत मात्र मुकी राहते, आणि मुक्या आकड्यावर भाव करायला बसलं की घासाघीस कशावर करायची हेच कळत नाही.

मराठवाड्याच्या नावानंही एक विकास महामंडळ होतं. आज राज्याच्या महामंडळांचे कुठल्या कंपन्यांत किती टक्के भाग आहेत आणि त्यातला आपला साठलेला वाटा किती, याचा एक साधा तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे मराठीत ठेवला, तर बिघडतं काय? विकायचं की ठेवायचं ते सरकारनं ठरवावं. खळ्यावर ढीग केवढा आहे, एवढं तरी मालकाला दिसू द्या.