नाद, देह आणि हरपलेली वाणी

रुग्णाच्या सेवेत गायक असावा, ही कल्पना पाश्चात्त्य रुग्णालयांतून आपल्याकडे आली असा समज सुशिक्षितांतही आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय वाचला की तो टिकत नाही. शोधनोपचारांसाठी जे आतुरगृह उभारावयाचे, त्याची सामग्री तेथे बारकाईने सांगितली आहे. वास्तू भक्कम असावी, वारा एका बाजूने खेळावा, धूर व धूळ आत येऊ नये. उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानाची जागा व स्वयंपाकघर असावे. पुढे सेवकवर्गात, स्वयंपाकी आणि अंग चोळणारे यांच्या जोडीने, गायनवादनात निपुण आणि श्लोक, गाथा, आख्यायिका, पुराणे जाणणारी माणसे नेमावीत असे म्हटले आहे. चमत्काराचा तेथे लवलेश नाही. उखळ जितके आवश्यक, तितकेच गाणे.

हा वैद्यकीय दृष्टिकोन संगीतशास्त्रात आणला तो तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. रुग्णांची पीडा आपण रसायनांनी दूर केली, असे तो 'संगीतरत्नाकरा'च्या आरंभीच नमूद करतो. त्यामुळे या ग्रंथाचा पहिला अध्याय थेट रागांकडे वळत नाही. त्यात गर्भाची वाढ, अस्थी, स्नायू, नाड्या आणि चक्रे यांचे वर्णन येते, आणि अधिक विस्तार हवा असल्यास आपला 'अध्यात्मविवेक' पाहावा, असेही तो सुचवतो. त्याच्या मते बोलू इच्छिणारा आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहस्थ अग्नीला चेतवते, अग्नी वायूला ढकलतो. तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक व मुख या पाच स्थानांतून वर जाताना नाद प्रकट होतो. त्याने वर्णिलेल्या बावीस नाड्या शवविच्छेदनात सापडत नाहीत, हे खरे. पण गाणे हे समग्र देहाचे कार्य आहे, ही त्याची मूळ भूमिका आजही ग्राह्य ठरते.

बोलण्याची इच्छा शाबूत असून वायूची वाट मध्येच खुंटली तर काय होते? या प्रश्नाकडे युरोपाचे लक्ष वेधले ते रुग्णांमुळे. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने एका तरुणाची हकीकत नोंदवली. त्याचे उजवे अंग लुळे पडले होते, वाचा गेली होती. परंतु आजारापूर्वी पाठ असलेली स्तोत्रे कोणी सुरू करून दिली की तो ती शब्दांसह गाई. ११६ वर्षांनी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी करून इजा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात असल्याचे दाखवून दिले. बोलण्याची मुख्य यंत्रणा बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात असते. गायनात उजव्याचा वाटा मोठा. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी राहू शकते.

या उघड्या वाटेचा उपचार म्हणून उपयोग १९७३ साली बोस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी मांडला. नित्याची लहान वाक्ये उच्च आणि नीच अशा दोन स्वरांत, डाव्या हाताने अक्षरागणिक ठेका धरीत म्हणवून घ्यावयाची, आणि हळूहळू सूर काढून घेऊन बोलणे शिल्लक ठेवावयाचे, अशी ही पद्धत. तिचे श्रेय सुराला की तालाला, हा वाद मात्र मिटलेला नाही. २०११ साली लाइपझिगच्या संशोधकांनी सतरा रुग्णांवर प्रयोग केला, तेव्हा गाण्यापेक्षा ताल आणि पूर्वीचे पाठांतर यांचाच प्रभाव अधिक दिसला. ज्यांच्या घरी पक्षाघाताने वाचा गेलेले वडीलधारे माणूस आहे, त्यांना यातून एक मार्ग मिळतो. 'बोला, बोला' असा आग्रह धरण्याऐवजी ओळखीच्या आरतीचा पहिला चरण ठेक्यावर सुरू करून पाहावा. अर्थात आरती म्हणता आली म्हणजे वाचा परतली असे नव्हे. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाच्या हाताखाली चिकाटी लागते. आणि पक्षाघाताची लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठणे, याला कोणतेच गाणे पर्याय नाही.

नामजपाच्या परिणामाचेही मोजमाप झाले आहे. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी व्यक्तींकडून लॅटिन जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली. पंथ दोन, श्वासाची लय एकच! तथापि यावरून अमुक रागाने अमुक रोग जातो, असे निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. तशा याद्या स्मरणिकांतूनही छापल्या जातात. शार्ङ्गदेवाने रागांना देवता, ऋतू, प्रहर व रस सांगितले, एवढ्यावरून त्याला त्यांचा साक्षीदार करणे अन्यायाचे आहे.

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाबाबत लाइपझिगमध्येच २०१५ साली एक निरीक्षण पुढे आले. दीर्घकाळ परिचित असलेल्या गाण्यांशी निगडित असलेला मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानाने कमी झिजतो. गोमंतकात चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या गजरात ज्या आरत्या होतात, त्या मुले अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकून पाठ करतात. सत्तर वर्षांनी मुलाचे नाव आठवेनासे झालेली आजी, पहिला ठेका पडताच, ओठ हलवू लागते ती याच ठेव्यातून.