चहात बुडवलेलं पत्र

नववीत असताना मी एक ऐतिहासिक पत्र तयार केलं होतं. आमचं गाव अलिबागजवळचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कान्होजी आंग्र्यांवर नाटक होतं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली आणि हात हलवत परत गेले, तो प्रसंग. शेवटी जासूद विजयाचं पत्र घेऊन शाहू महाराजांकडे निघतो. अक्षर बरं म्हणून ते पत्र माझ्या वाट्याला आलं.

कृती तुम्हालाही माहीत असेल. दोन चमचे चहापूड बिनदुधाची उकळायची, गाळून गार करायची. झेरॉक्सचा कागद चुरगळून पुन्हा सरळ करायचा आणि ताटात त्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवायचा. आजीने अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्याशेजारी मी माझा कागद ठेवला. चहातलं टॅनिन कागदाच्या तंतूंना धरून बसतं आणि रंग चढतो. मग मेणबत्तीवर कडा जाळल्या. तासाभरात कागदाचं वय तीनशे वर्षांनी वाढलं. वर लिहिलं, ‘दिनांक १५ डिसेंबर १७२१’.

त्या पत्राचा फोटो मी नंतर कधीतरी चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाकला. तो कुठून कुठे फिरला कोण जाणे. गेल्या वर्षी जत्रेच्या फ्लेक्सवर तेच पत्र दिसलं. खाली ओळ होती, ‘आपल्या गावाकडील अस्सल ऐतिहासिक ठेवा’.

एव्हाना मी मोडी शिकायला लागलो होतो, त्यामुळे हसू आलं आणि घामही फुटला. त्या पत्रात एकही गोष्ट धड नव्हती. मराठा दरबाराच्या पत्रात डिसेंबर महिना येत नाही. तिथे शालिवाहन शक असतो किंवा राज्याभिषेक शक. कित्येकदा मृगाला सुरू होणारा शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. १७२१ चा डिसेंबर म्हणजे शके १६४३, राज्याभिषेक शक ४८, आणि शुहूर सन ‘इसन्ने अशरीन मया व अलफ’, म्हणजे ११२२. माझं पत्र बाळबोध लिपीत होतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. मी मात्र ऐटीत स्वल्पविराम दिले होते. ही चिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडींच्या काळात.

आणि कागद? तीच खरी गंमत आहे. पिवळा पडून तुकडे होणारा कागद हा लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनवर हवा आणि उजेडाचा परिणाम होतो, म्हणून आठवडाभर उन्हात पडलेलं वर्तमानपत्रही म्हातारं दिसतं. कान्होजींच्या काळात असा कागदच नव्हता. तेव्हाचा कागद हाताने केलेला, चिंध्या आणि जुन्या दोरखंडांच्या लगद्याचा, खळ देऊन दगडाने घोटलेला. जुन्नर आणि दौलताबाद त्यासाठी प्रसिद्ध होती. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आजही आहे. काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेला असा कागद वाळवी, कसर आणि पावसापासून वाचला, तर तीनशे वर्षांनीही दुधावरच्या सायीच्या रंगाचा आणि अक्षर काळं कुळकुळीत. चहा देऊन आपण जुन्या रद्दीची नक्कल करतो.

खोट्या कागदांची गोष्ट नवी नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातली इनामं तपासायला घेतली, तेव्हा कुणाची जमीन राहणार आणि कुणाची जाणार हे जुन्या सनदांवर ठरू लागलं. अशा वेळी बनावट कागद कामाचे ठरतात. म्हणून कागद तपासणारा रंगावर थांबत नाही. तो कालगणना, शिक्का, मायना, वळण आणि भाषा बघतो, आणि ते सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघतो.

फ्लेक्स लावणाऱ्यांत आमचे चुलतकाका होते. त्यांना गाठून म्हटलं, “काका, ते पत्र मी केलंय. चहात बुडवून.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, आपल्या माळ्यावरच्या पेटीत होते की कागद. रुमालात बांधलेले. पण ते जुने वाटतच नव्हते. कुणाला वाचताही येईनात. घराचं काम काढलं तेव्हा बंबात घातले.”

घराचं काम निघालं ते मी नववीत असताना. मी अंगणात कागद जुना करत होतो आणि परसात बंब पेटत होता, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

एकच कागद उरलाय. तो कपाटाच्या खणात तळाला अंथरलेला होता, म्हणून. सायीच्या रंगाचा, कडा शाबूत, वर मोडीतल्या सात ओळी. महिनाभर खपून मी तो वाचला. लढाई नाही, विजय नाही. एका वाडीतले माड किती, पोफळी किती आणि त्यातल्या वठलेल्या किती, एवढाच हिशेब.

काकांना वाचून दाखवला. त्यांनी वाडीचं नाव परत वाचायला लावलं. म्हणाले, “ही आपलीच. विहिरीच्या अंगाची.” आणि मग बोटांवर मोजू लागले, त्यातले आता किती माड उभे आहेत ते.